डब्लिनचे सॉर्टर

बंड करायचं आणि राजधानीतली एकच इमारत हाती येणार असेल, तर टपाल कचेरी घ्यावी की टेलिफोन एक्स्चेंज? मला कोणी विचारलं तर मी एक्स्चेंज म्हणेन. हे मी टपालखात्याचा माणूस असून म्हणतोय. उभी नोकरी रेल्वे मेल सर्व्हिसमध्ये, म्हणजे आमच्या आरएमएसमध्ये, सॉर्टर म्हणून गेली, त्यातली निम्मी मिरज जंक्शनवर. पत्र उद्या-परवा पोचतं. सैन्य बोलावणारा फोन त्याच मिनिटाला लागतो.

१९१६ च्या ईस्टर सोमवारी, २४ एप्रिलला, डब्लिनमध्ये ज्यांनी उठाव केला त्यांनी भर दुपारी शहराच्या मुख्य रस्त्यावरचं जनरल पोस्ट ऑफिस घेतलं आणि टेलिफोन एक्स्चेंज त्यांच्या हातून राहिलं. क्राउन ॲली नावाच्या गल्लीत ते होतं. एक तुकडी तिकडे गेली होती, पण वाटेत एका म्हातारीने ‘मागे फिरा पोरांनो, आत सोल्जर भरलेत’ असं सांगितलं म्हणून ती परतली, अशी हकीकत आहे. तेव्हा आत सोल्जर नव्हते. ते काही तासांनी आले. मग आठवडाभर तिथल्या मुली स्विचबोर्डवर बसून राहिल्या, खिडक्यांवर गोळ्या येत होत्या, आणि इंग्रज अधिकारी एकमेकांशी आरामात बोलत होते.

लष्करी दृष्टीने पाहिलं तर उठाव तिथेच फसला, असं माझं मत आहे. मात्र लष्करी दृष्टीने तो फसणारच होता. आदल्याच दिवशी बंडखोरांच्या स्वयंसेवक दलाचा प्रमुख ओन मॅकनील याने वर्तमानपत्रात जाहीर हुकूम छापून सगळे कार्यक्रम रद्द केले होते. जर्मनीहून येणाऱ्या वीस हजार रायफली समुद्राच्या तळाशी गेल्या होत्या. तरीही दुसऱ्या दिवशी जे हजारभर लोक बाहेर पडले, त्यांनी टपाल कचेरीच का निवडली हे समजायला ती कचेरी त्या देशात काय होती ते आधी पाहायला हवं.

पांढऱ्या दगडी खांबांची ही इमारत १८१८ साली उघडली. फ्रान्सिस जॉन्स्टन तिचा वास्तुकार. खेड्यापाड्यांत राहणाऱ्या आयरिश माणसाला लंडनचं सरकार भेटत होतं ते दोनच ठिकाणी, पोलिस चौकीत आणि टपाल कचेरीत. चौकीत ते काठी घेऊन भेटायचं, टपालात पैसे घेऊन. १९०९ पासून म्हाताऱ्यांना आठवड्याला पाच शिलिंग पेन्शन मिळू लागली, ती टपाल कचेरीच्या खिडकीवर. अमेरिकेला गेलेल्या मुलांची पत्रं आणि मनिऑर्डरी तिथेच यायच्या. महायुद्ध सुरू झाल्यावर फ्रान्सच्या आघाडीवर गेलेल्या आयरिश सैनिकांच्या बायकांना भत्ता मिळायचा, तोही तिथेच. ईस्टरच्या आठवड्यात बंडखोरांना सगळ्यांत जास्त शिव्या पडल्या त्या याच बायकांच्या. त्यांचा भत्ता अडला होता. नवरा खंदकात, पोरं घरात आणि खिडकीपाशी बंदुका घेतलेले बंडखोर मास्तर आणि कारकून. त्या चिडल्या यात नवल ते काय!

याच खात्याचा दुसरा चेहराही होता. १९०५ च्या सुमारास गेलिक लीग या भाषाप्रेमी मंडळींनी आयरिश लिपीत पत्ता लिहिलेली पार्सलं टाकायला सुरुवात केली आणि खात्याने ती घ्यायला नकार दिला. कारण काय, तर सॉर्टरला वाचता येत नाही. (सॉर्टर म्हणून सांगतो, महिनाभर तसे पत्ते हाताखालून गेले की कुठलीही लिपी वाचता येते. मिरजेला आम्ही देवनागरी, कानडी, इंग्रजी, कधी उर्दू, सगळं एकाच पाळीत खणांत टाकत होतो.) त्या वेळी लीगच्या साप्ताहिकाचा संपादक म्हणून या प्रकरणावर लिहिणारा पॅट्रिक पिअर्स नावाचा तरुण वकील होता. एका गाडीवानाने बैलगाडीसारख्या आपल्या गाडीवर स्वतःचं नाव आयरिशमध्ये रंगवलं म्हणून त्याच्यावर खटला झाला, तेव्हा पिअर्सच त्याच्या बाजूने कोर्टात उभा राहिला आणि हरला. अकरा वर्षांनी हाच पिअर्स टपाल कचेरीच्या दारात उभा राहून आयरिश प्रजासत्ताकाचा जाहीरनामा वाचत होता.

त्या जाहीरनाम्याच्या छपाईची गोष्ट मला फार आवडते. कामगार संघटनेच्या लिबर्टी हॉलमध्ये रविवारी जुन्या मशिनवर तो छापला. टाइप उसना आणलेला, तोही अपुरा. मजकूर दोन तुकड्यांत जुळवावा लागला, आधी वरचा अर्धा, मग खालचा. काही ठिकाणी ‘ई’ अक्षर कमी पडलं तेव्हा ‘एफ’च्या खिळ्याला लाखेचा तुकडा लावून त्याचं ‘ई’ केलं. लाख आमच्याही रोजच्या वापरातली. पिशवीचं सील करताना बोटं भाजून घेतली नाहीत असा सॉर्टर मी पाहिला नाही.

सोमवारी आतमध्ये काय झालं ते सांगायला हवं. आयर्लंडच्या टपालखात्याचा सेक्रेटरी, म्हणजे सर्वांत मोठा साहेब, आर्थर हॅमिल्टन नॉर्वे त्या दिवशी सुट्टी असूनही ऑफिसात बसला होता. दुपारी बाराच्या जरा आधी त्याला डब्लिन कॅसलवरून, म्हणजे सरकारच्या मुख्यालयातून, उपसचिव मॅथ्यू नेथनचा फोन आला, जरा इकडे या. काही भागांत तारा-टेलिफोन कुणाला वापरू द्यायचे यावर बोलायचं होतं. नॉर्वे निघाला आणि थोड्याच मिनिटांत पिअर्स आणि कामगार पुढारी जेम्स कॉनली यांचे लोक आत घुसले. तिकिटं घ्यायला आलेल्या गिऱ्हाइकांना बाहेर काढलं. पहारेकऱ्यांपाशी रायफली होत्या, काडतुसं नव्हती. इकडे कॅसलमध्ये नॉर्वे आणि नेथन बोलत असतानाच फाटकावर गोळीबार झाला.

नॉर्वेचा थोरला मुलगा फ्रेड आदल्या वर्षी फ्रान्समध्ये लढताना गेला होता. नॉर्वे दांपत्याने घर सोडून हॉटेलात बिऱ्हाड केलं होतं, आणि फ्रेडची तलवार, पुस्तकं, सगळ्या वस्तू इतरत्र ठेवायला मन धजेना म्हणून नॉर्वेच्या ऑफिसातच ठेवल्या होत्या. सरकारी इमारत, तिच्याहून सुरक्षित जागा कुठली? त्याच्या बायकोने बहिणीला लिहिलेल्या पत्रांत हे सगळं आहे. ती पत्रं त्याच वर्षी पुस्तकरूपाने निघाली. धाकटा मुलगा नेव्हिल तेव्हा सतरा वर्षांचा, तो रस्त्यावर स्ट्रेचर उचलत हिंडला. पुढे नेव्हिल शूट या नावाने तो प्रसिद्ध कादंबरीकार झाला. साम्राज्याची माणसं म्हणजे सगळे खलनायक अशी माझी समजूत लहानपणी होती. ही पत्रं वाचल्यावर ती टिकली नाही.

मग तोफा आल्या. नदीतून ‘हेल्गा’ नावाच्या सरकारी बोटीने लिबर्टी हॉलवर मारा केला. टपाल कचेरीसमोरच्या इमारती एकामागून एक पेटल्या. आग रस्ता ओलांडून आली. शुक्रवारी, २८ एप्रिलच्या संध्याकाळी, छत कोसळू लागल्यावर बंडखोर बाहेर पडले आणि मूर स्ट्रीटच्या घरांच्या भिंती आतून फोडत पुढे सरकले. शनिवारी एलिझाबेथ ओफॅरल ही नर्स पांढरं निशाण घेऊन निघाली आणि शरणागती झाली. आठवड्यात पाचशेच्या आसपास माणसं मेली, त्यांतली निम्म्याहून जास्त साधे नागरिक.

आता याच शुक्रवारी आपल्याकडे काय चाललं होतं ते बघा. २८ एप्रिल १९१६ लाच बेळगावात मुंबई प्रांतिक परिषदेच्या मांडवात टिळकांची होमरूल लीग स्थापन झाली. जोसेफ बॅप्टिस्टा अध्यक्ष, नरसोपंत केळकर चिटणीस. केळकरांनी पूर्वीच मराठीत आयर्लंडचा इतिहास लिहिला होता, म्हणजे नाव कुठून घेतोय हे मंडळींना पक्कं ठाऊक होतं. ते घेण्यामागे हिशेबही होता. होमरूलची, म्हणजे साम्राज्यात राहून स्वतःचा कारभार करण्याची, मागणी ब्रिटिश पार्लमेंटात तीस वर्षं उघडपणे चर्चिली गेली होती. १९१४ च्या सप्टेंबरात आयर्लंडसाठी तसा कायदाही मंजूर होऊन युद्ध संपेपर्यंत स्थगित ठेवला होता. जी मागणी लंडनमध्ये कायदा झाली तिला पुण्यात राजद्रोह कसा म्हणणार? मंडालेहून दोनच वर्षांपूर्वी सुटून आलेल्या माणसाला या आडोशाची गरज होती. फक्त तारीख विलक्षण. ज्या दिवशी बेळगावने हा शब्द उचलला त्याच संध्याकाळी डब्लिनमध्ये त्याची राख होत होती. अडीच वर्षांनी, १९१८ च्या निवडणुकीत, होमरूल मागणारा जुना पक्ष सहा जागांवर आला आणि पूर्ण स्वातंत्र्य मागणाऱ्या शिन फेनला आयर्लंडातल्या १०५ पैकी ७३ जागा मिळाल्या.

दोन्हीकडे सरकार एकच होतं, वागणूक वेगळी. बेळगाव आणि नगरच्या भाषणांबद्दल टिळकांकडे वीस हजारांचा मुचलका आणि दहा-दहा हजारांचे दोन जामीन मागितले. बॅरिस्टर जिनांनी उच्च न्यायालयात ते मोडून काढलं. नोव्हेंबरात निकाल टिळकांच्या बाजूने लागला. डब्लिनमध्ये इंग्रज सेनापती जनरल मॅक्सवेलने ३ ते १२ मे या दहा दिवसांत किल्मेनमच्या तुरुंगात चौदा जणांना गोळ्या घातल्या, एकाला कॉर्कमध्ये. एकदम नाही, थोडे थोडे. सकाळी लोकांना कळायचं, आज हे दोघे, आज हे चौघे. कॉनलीचा घोटा गोळीने फुटला होता, उभं राहता येत नव्हतं, म्हणून त्याला खुर्चीत बसवून मारलं. मॅक्सवेलने हे केलं नसतं तर काय झालं असतं याचा वाद इतिहासकार घालोत. एप्रिलमध्ये शिव्या घालणारं शहर जूनमध्ये मेलेल्यांसाठी प्रार्थना करत होतं, एवढं खरं.

टपाल कचेरीची इमारत जळाल्यामुळे टपालाचं सॉर्टिंग जवळच्या रोटुंडा भागातल्या एका स्केटिंग रिंकमध्ये हलवलं. लोक तिला ‘रिंक’च म्हणत. आपल्या गोष्टीतली महत्त्वाची जागा ही.

तिथे जाण्याआधी एका जहाजाचं सांगतो. ‘लीन्स्टर’ हे डब्लिनजवळच्या बंदरातून वेल्समधल्या होलीहेडला जाणारं टपालजहाज. आमच्या गाडीत मेल व्हॅन असायची तशी त्याच्या पोटात सॉर्टिंगची खोली होती. १० ऑक्टोबर १९१८ ला, युद्ध संपायला महिना उरला असताना, जर्मन पाणबुडीने ते बुडवलं. पाचशेहून जास्त माणसं गेली. त्या खोलीत डब्लिनचे बावीस सॉर्टर काम करत होते. एक वाचला. त्या एकवीस जणांतले किती जण राजाला मानणारे होते आणि किती शिन फेनला मत देणारे, हे विचारण्यात अर्थ नाही. पिशव्या उघडून, पत्रं खणांत टाकून, होलीहेड येईपर्यंत पिशव्या पुन्हा बंद करायच्या, एवढं त्यांचं काम होतं.

आणि आता मायकेल कॉलिन्स. कॉर्ककडच्या शेतकऱ्याचा हा पोरगा पंधराव्या वर्षी टपालखात्याची परीक्षा देऊन १९०६ साली लंडनला गेला आणि वेस्ट केन्सिंग्टनच्या पोस्टल सेव्हिंग्ज बँकेत बॉय क्लार्क म्हणून लागला. चार वर्षं त्याने लोकांच्या ठेवींच्या खात्यांत नोंदी केल्या. १९१६ ला तो डब्लिनच्या त्या जळत्या इमारतीत होता, पण त्याला तो सगळा प्रकार नाटकी वाटला. बंदिवासातून सुटून आला तो एक ठरवूनच, की इमारती धरून बसायचं नाही. सरकार कागदावर चालतं, तर कागद पकडायचा. असा विचार उठावाच्या पुढाऱ्यांतल्या मास्तरांना किंवा कवींना सुचत नाही. फायलीत बोटं काळी केलेल्यालाच सुचतो.

१९१९ च्या जानेवारीत निवडून आलेल्या शिन फेनवाल्यांनी लंडनच्या पार्लमेंटात न जाता डब्लिनमध्ये स्वतःची सभा भरवली, आणि त्याच दिवशी टिपररी भागात दोन पोलिस मारले गेले. तिथून अडीच वर्षांचं युद्ध. हल्ले, जाळपोळ, ‘ब्लॅक अँड टॅन’ म्हणून बदनाम झालेली भाडोत्री पोलिस कुमक, कॉर्क शहराची होळी, लॉर्ड मेयर टेरेन्स मॅकस्विनीचं चौऱ्याहत्तर दिवसांचं उपोषण आणि मृत्यू, हे सगळं पुस्तकांत भरपूर आहे, ते इथे सांगत नाही. मी रिंकबद्दल बोलतो.

सॉर्टिंगच्या टेबलाशी उभा राहिलेला माणूस पत्र वाचत नाही, पत्र ओळखतो. कुठलं पाकीट कलेक्टर कचेरीचं, कुठलं पोलिसांचं, हे कागदाच्या जाडीवरून, शाईवरून, पत्ता लिहिणाऱ्या हातावरून लांबूनच कळतं. आणि एखादं पत्र चुकीच्या खणात टाकणं याहून सोपं जगात काही नाही. त्यासाठी आमच्याकडे ‘मिससेंट’ असा एक शिक्काच असतो. चूक कोणाची ते शोधायला गेलं तर पाळीतल्या सगळ्यांची चौकशी लागते, आणि निष्पन्न काही होत नाही. कॉलिन्सच्या हेरगिरी करणाऱ्या लोकांना डब्लिनमध्ये, कॉर्कमध्ये, बोटीवर, लंडनमध्ये असे सॉर्टर मिळाले. तारखात्यातल्या कारकुनांकडून पोलिसांच्या सांकेतिक तारा मिळाल्या आणि त्या उलगडायच्या किल्ल्याही. कॉलिन्सची नात्यातली बहीण नॅन्सी ओब्रायन टपालखात्यात नोकरीला होती. बड्या साहेबाने विश्वासू मुलगी म्हणून गुप्त संदेशांच्या कामासाठी नेमकी तिलाच निवडलं. ती दुपारच्या सुट्टीत नकला करून पोलक्यात लपवून न्यायची. पुढे तिने कॉलिन्सच्या भावाशी लग्न केलं.

१९२० च्या जुलैत तर बंदूकधारी तरुण सरळ रिंकमध्ये शिरले आणि डब्लिन कॅसलच्या नावची सगळी टपालपिशवी घेऊन गेले. गावोगावच्या मेल गाड्या अडवणं नेहमीचं झालं. पत्रं फोडून, वाचून, सामान्य लोकांची परत टपालात टाकायची पद्धत होती, वर आयरिश रिपब्लिकन आर्मीने तपासल्याचा शिक्का. असे लिफाफे आज तिकीट-संग्राहकांमध्ये चांगल्या किमतीला जातात. त्याच वर्षी मे महिन्यापासून रेल्वेच्या ड्रायव्हर-गार्डांनी शस्त्रं किंवा हत्यारबंद सैनिक असलेली गाडी हलवायचं नाकारलं आणि नोकऱ्या गमावत डिसेंबरपर्यंत नाकारत राहिले. शेवटी सरकारला आपलीच पत्रं विमानाने पाठवावी लागली. जगभर टपालाच्या जाळ्याचा टेंभा मिरवणाऱ्या साम्राज्याला लंडनपासून एका रात्रीच्या अंतरावर स्वतःचं पाकीट टपालात टाकण्याची सोय उरली नाही! आयर्लंडवरचं इंग्रजांचं राज्य कधी संपलं असं मला विचाराल तर मी तहाची तारीख सांगणार नाही, ती विमानं उडू लागली तो महिना सांगेन.

हे लिहिताना मला अभिमानाबरोबर अस्वस्थताही वाटते. दुसऱ्याचं पत्र उघडणं हे आमच्या खात्यातलं सगळ्यांत मोठं पाप. नोकरीच्या पहिल्या दिवशी तेच शिकवतात. डब्लिनच्या सॉर्टरांनी ते केलं, आणि त्या पत्रांतून ज्यांची नावं खबरे म्हणून बाहेर आली त्यांतले काही जण रात्री घरातून नेऊन मारले गेले. इंग्रजही लोकांची पत्रं फोडतच होते, हे खरं, पण तेवढ्याने हिशेब मिटत नाही.

पत्रांचा एक धागा भारतातही येतो. जालंधरच्या छावणीत कनॉट रेंजर्स ही आयरिश पलटण होती. घरून येणाऱ्या पत्रांतून ब्लॅक अँड टॅनचे अत्याचार कळत गेले आणि २८ जून १९२० ला तिथल्या सैनिकांनी, ज्या सरकारचे लोक आमची गावं जाळतात त्याची चाकरी आम्ही करणार नाही, असं सांगून शस्त्रं खाली ठेवली. बंड सोलनच्या छावणीत पोचलं. तिथे शस्त्रागारावर चालून जाताना दोघे मेले. पुढारी जेम्स डेली याला २ नोव्हेंबरला डगशाईच्या तुरुंगात गोळ्या घातल्या. इतर अनेकांच्या मृत्युदंडाची कैद झाली, त्याची झाली नाही. जालियनवाला बागेच्या वेळी पंजाबचा लेफ्टनंट गव्हर्नर असलेला मायकेल ओडवायरही आयरिशच, टिपररीचा, आणि त्याने त्या कत्तलीचं समर्थन केलं होतं. त्याच पंजाबात पुढच्या वर्षी हे दुसरे आयरिश. डेलीच्या अस्थी १९७० साली त्याच्या गावी नेल्या.

तह ६ डिसेंबर १९२१ ला झाला. बेटाचे दोन तुकडे कायम झाले, राजाची शपथ राहिली. डब्लिनच्या सभेत तो ६४ विरुद्ध ५७ मतांनी मंजूर झाला आणि कालचे सोबती यादवीत एकमेकांवर उलटले. राष्ट्रकुलातून आयर्लंड पूर्ण बाहेर पडलं ते १८ एप्रिल १९४९ ला, तोही ईस्टर सोमवार निवडून. त्याच महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात लंडनला ठरलं की भारत प्रजासत्ताक होऊनही राष्ट्रकुलात राहील. आपण ते बरं केलं की वाईट, यावर माझ्या मित्रमंडळींत अजून एकमत नाही.

टपालखातं नव्या सरकारकडे १ एप्रिल १९२२ ला आलं. त्याआधी फेब्रुवारीतच तिकिटं बदलली, म्हणजे बदलली नाहीत. नवी छापायला वेळ नव्हता, तेव्हा पंचम जॉर्जच्या चेहऱ्याच्या इंग्रजी तिकिटांवर डब्लिनच्या छापखान्यांनी काळ्या शाईत आयरिश लिपीत ‘आयर्लंडचं हंगामी सरकार, १९२२’ असं छापलं. अक्षरं थेट राजाच्या चेहऱ्यावर. माझ्या संग्रहात अशी दोन आहेत. लाल टपालपेट्यांना हिरवा रंग दिला, त्यांवरची व्हिक्टोरिया आणि एडवर्ड यांची ओतीव आद्याक्षरं तशीच ठेवून. लोखंड खरवडायला पैसे लागतात. पहिलं स्वतःचं तिकीट ६ डिसेंबर १९२२ ला निघालं, दोन पेनीचं, हिरवं, त्यावर अख्ख्या बेटाचा नकाशा. फाळणीची रेघ त्यावर नाही. आपल्याकडे १५ ऑगस्टला ‘जय हिंद’चा तारीखशिक्का आला आणि नोव्हेंबरात पहिलं तिकीट. मधले तीन महिने आपणही जॉर्जवरच चालवलं.

नव्या खात्याचा मंत्री जे. जे. वॉल्श. हा माणूस पूर्वी कॉर्कच्या टपाल कचेरीत कारकून होता. राजकारणापायी नोकरी गेली, १९१६ ला डब्लिनच्या त्या इमारतीत लढला, मृत्युदंडाची शिक्षा झाली ती कमी झाली. खात्याला वाटलं असेल, आपला माणूस आला. १९२२ च्या सप्टेंबरात सरकारने टपाल कामगारांच्या महागाई भत्त्याला कात्री लावली. १० तारखेला देशभर संप झाला. सरकारने जाहीर केलं की सरकारी नोकराला संपाचा हक्कच नाही. पिकेटिंग करणाऱ्यांना पकडलं, त्यांना पांगवायला सैनिकांनी डब्लिनच्या रस्त्यांत गोळ्या झाडल्या. कॉलिन्स आदल्याच महिन्यात यादवीत मारला गेला होता, तो असता तर काय म्हणाला असता ते मी सांगू शकत नाही. जवळजवळ तीन आठवड्यांनी संप मोडला. यादवी चालू होती, तिजोरी रिकामी होती, सरकारची बाजू मला कळते. पण दोन वर्षांपूर्वी ज्यांच्या हातचलाखीवर ते सरकार उभं राहिलं होतं त्यांच्यावरच, आणि तेही एका टपाल कारकुनाने, बंदुका रोखाव्यात, हे मला पटत नाही. आयरिश क्रांतीवरच्या जाडजूड ग्रंथांत या संपाला मिळते ती जागा फारच थोडी आहे.

सॅम मग्वायरचं एवढंच सांगतो. कॉर्कच्या डनमॅनवे गावचा प्रॉटेस्टंट शेतकऱ्याचा मुलगा, लंडनच्या टपालखात्यात नोकरीला, आणि कॉलिन्सला बंडखोरांच्या गुप्त संघटनेत आणणारा. युद्धाच्या काळात लंडनमधली कॉलिन्सची सगळी कामं तो बघायचा आणि हातातलं काम म्हणजे टपालच. स्वातंत्र्यानंतर मायदेशी येऊन नव्या सरकारच्या नोकरीत लागला. १९२४ साली लष्करातल्या असंतुष्टांशी संबंध असल्याच्या कारणावरून काढून टाकला, पेन्शनही गेली. क्षयाने फेब्रुवारी १९२७ मध्ये वारला. पुढच्या वर्षीपासून आयर्लंडच्या राष्ट्रीय गेलिक फुटबॉल स्पर्धेच्या चषकाला त्याचं नाव दिलं आणि दर वर्षी तो चषक उंचावताना हजारो लोक त्याचं नाव घेतात. पेन्शनवर जगणारा माणूस म्हणून मी म्हणेन, त्याला आधी पेन्शन द्यायला हवी होती.